प्रोसेसरमध्ये दोष निघाला, आता नवा मिळणार का?

प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषाची बातमी आली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कंपनी बदलून देईल का हो?' नाही. १९९४ मध्ये पेंटियमचे भागाकार चुकत होते, तेव्हा इंटेलने बरीच खळखळ करून शेवटी चिप बदलून दिल्या आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसला. आता सुरक्षेचा दोष निघाला की मायक्रोकोड मिळतो.

मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या सूचना. त्यांतली दुरुस्ती चिपवर कायमची उमटत नाही. मशीन बंद केलं की ती जाते आणि पुढच्या वेळी सुरू होताना बायोस (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) किंवा विंडोज ती पुन्हा भरतं. म्हणून 'अपडेट बंदच करून द्या, फार त्रास देतात' असं कोणी म्हटलं की आम्ही हुज्जत घालतो.

मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाले. इंटेलला ते आदल्या जूनपासूनच ठाऊक होते. ऐकून राग येतो, पण औषध तयार नसताना दोष जाहीर करणं म्हणजे चोराला मागचं दार दाखवणं. म्हणून तो शोधणारे संशोधकही तोवर गप्प राहतात. एवढा वेळ मिळूनही घोळ झालाच. नवा मायक्रोकोड घातलेली काही मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागली आणि २२ जानेवारीला इंटेलनेच 'तूर्त थांबा' असं कळवलं. त्यामुळे बिलिंगच्या मशीनवर नवा बायोस आम्ही आला त्याच दिवशी घालत नाही, आठ-दहा दिवस वाट पाहतो.

काही दुरुस्त्यांनी वेग घटतो. २०२३ मधल्या डाउनफॉल नावाच्या दोषाचा फटका इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीच्या प्रोसेसरना होता, पण वेगातली घट ठरावीक जड कामांतच जाणवते. बिलं आणि पत्रं करणाऱ्याने त्याची चिंता करू नये.

खरी अडचण जुन्या मशीनची. कोअर टू या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या काळातल्या अनेक चिपना स्पेक्टरचा मायक्रोकोड देणार नाही, असं इंटेलने २०१८ मध्येच सांगून टाकलं. असं मशीन असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. आम्ही नवं विकतो म्हणून सांगतोय असं वाटलं तरी चालेल.

बायोस मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बसू शकतो. घरी यूपीएस नसेल तर मशीन दुकानात घेऊन या.