प्रेस शॉपसाठी व्हीआर सराव : मागवण्याआधी एवढं वाचा

पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेसमध्ये बोट कसं जातं, हे भोसरी-चाकणच्या कुठल्याही जुन्या डायफिटरला (डाय म्हणजे साचा, तो बसवणारा) विचारा. पार्ट डायमध्ये अडकतो, चिमटा हाताशी नसतो, मागून 'माल काढा'चा धोशा चालू असतो. हात आत जातो आणि पाय पायडलवरच राहतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, काही वेळ फिरतच असतं, हे भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं. पण त्या घाईत पोस्टर वाचतो कोण?

आमच्या व्हीआर हेडसेटमध्ये (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणारं यंत्र) नेमका तोच प्रसंग येतो. समोर प्रेस, डायमध्ये तिरका बसलेला पार्ट, कानात शॉपचा आवाज. कामगाराला जे सुचेल ते त्याने करायचं. मेन स्विच आधी बंद केला का, फ्लायव्हील थांबेपर्यंत थांबला का, रॅमखाली (वरून खाली येणारा प्रेसचा भाग) तो अडवणारा सेफ्टी ब्लॉक लावला का, हात कधी आत गेला, हे सगळं सेकंदासकट नोंदलं जातं. चूक झाली तर रॅम खाली येतो, स्क्रीन काळी होते. रक्त वगैरे आम्ही दाखवत नाही. घाबरलेला माणूस शिकत नाही, असं आमचं मत आहे.

ही कल्पना काही आमची नाही. एडविन लिंक यांनी १९२९ मध्येच वैमानिकांना जमिनीवर सराव देणारं यंत्र बनवलं होतं. आरोग्याच्या क्षेत्रातलं एक संशोधन आम्हाला जास्त जवळचं वाटतं. कॅन्सरच्या तरुण रुग्णांसाठी एक व्हिडिओ गेम बनवला गेला आणि ३४ रुग्णालयांतल्या ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गेम खेळलेल्यांनी औषधं जास्त नियमित घेतली. 'गोळ्या घेता का?' एवढं विचारून ते थांबले नाहीत. डबीचं झाकण कधी उघडलं याची नोंद ठेवली, रक्तही तपासलं. म्हणून आम्हीही सरावानंतर 'कसं वाटलं?' या फॉर्मवर विसंबत नाही. काही आठवड्यांनी न सांगता तोच प्रसंग पुन्हा देतो आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवतो.

आता जे होत नाही ते. पायडलचा जोर, प्रेसचा हादरा हेडसेटमध्ये येत नाही. त्यामुळे नंतर तुमच्याच बंद प्रेसवर सुपरवायझरसोबत एक फेरी लागतेच. प्रेसला हात ओळखणारा सेन्सर किंवा दोन्ही हातांनी दाबावं लागणारं बटण नसेल, तर ते आधी बसवा, आमचे पैसे नंतर. आणि बटणाला टेप लावून प्रॉडक्शन काढायची पद्धत तुमच्याकडे असेल, तर सरावाला आधी मालकांनी बसावं. नोंदी पगार कापायला वापरणार असाल तर कृपया आम्हाला बोलावू नका.

काहींना हेडसेटने गरगरतं. लगेच काढून ठेवतो. फिट येणाऱ्यांना बसवत नाही. सूचना मराठी आणि हिंदीत आहेत. कंत्राटी कामगारांनाही यादीत घ्या, हेल्परना तर नक्कीच.

येण्याआधी तुमच्या प्रेसचे आणि पायडलचे फोटो पाठवा. मोकळी दहा बाय दहाची जागा आणि एक प्लग पॉइंट पुरतो.