चित्रफीत-संकलन प्रणाली : कालपट्टी, माध्यम-व्यवस्थापन व रंगसुधारणा

संगणकावर चित्रफितीचे संकलन करताना चित्रखंडांचा क्रम व अवधी ज्या आडव्या पट्टीवर ठरवला जातो तिला कालपट्टी किंवा टाइमलाइन म्हणतात. मूळ चित्र व ध्वनी यांच्या फायली उतरवून घेणे, त्यांना नावे देणे व त्या जपणे हे माध्यम-व्यवस्थापन होय. तर संकलित चित्रांतील उजेड व रंगछटा योग्य करून त्या एकमेकींशी जुळवणे या कामाला रंगसुधारणा, आणि व्यवसायात करेक्शन, ग्रेडिंग किंवा डीआय (डिजिटल इंटरमीडिएट) अशी नावे आहेत. ही तिन्ही कामे बहुधा वेगवेगळी शिकवली जातात, परंतु त्यांचा पाया एकच आहे. कालपट्टीवर दिसणारा तुकडा हा चित्राचा केवळ पत्ता असतो. कोणती फाईल, तिच्यातील कोणत्या फ्रेमपासून (म्हणजे एकेका स्थिर चित्रापासून) कोणत्या फ्रेमपर्यंत आणि कोणता रंगसंस्कार करून दाखवायची, एवढीच नोंद प्रकल्पाच्या फाईलमध्ये राहते. मूळ चित्राला हात लागत नाही.

मराठीत वृत्तपत्राचे संपादन व चित्रपटाचे संकलन असा भेद रूढ आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘संकलित’ ही संज्ञा बेरजेसाठी येते. कापण्यापेक्षा जोडण्यावर भर देणारे हे नाव फिल्म कापून चिकटवण्याच्या काळापेक्षा आजच्या प्रणालींना अधिक शोभते, कारण त्यांत काहीच कापले जात नाही.

अरेषीय संकलनाचा, म्हणजे कोणताही तुकडा हव्या त्या क्रमाने थेट गाठून केलेल्या संकलनाचा, प्रारंभ सामान्यतः १९७१ च्या सीएमएक्स ६०० या यंत्रापासून मानतात. सीबीएस व मेमोरेक्स यांच्या संयुक्त कंपनीने तयार केलेल्या या यंत्रात कमी प्रतीची कृष्णधवल चित्रे चुंबकीय तबकड्यांवर साठवली जात आणि प्रकाशलेखणीने निवडली जात. दुसऱ्या मतानुसार खरा प्रारंभ १९८४ च्या एडिटड्रॉइडपासून किंवा १९८९ च्या अॅव्हिड/१ पासून धरावा, कारण पडद्यावर आलेखरूपाने दिसणारी कालपट्टी त्यांच्यामुळे रुळली. आलेखाला प्राधान्य दिल्यास हे दुसरे मत पटण्यासारखे आहे. मात्र कालपट्टीचे सार नोंदीत आहे असे धरले, तर तिचे मूळ सीएमएक्स परंपरेतील संकलन-निर्णय सूचीकडे, म्हणजे ईडीएलकडे, शोधणे अधिक युक्त वाटते. या सूचीच्या प्रत्येक ओळीत घटनेचा क्रमांक, रिळाचे नाव, जोडाचा प्रकार आणि चार टाइमकोड असतात : मूळ फितीवरील आरंभ व अंत, तसेच तयार फितीवरील आरंभ व अंत. सीएमएक्स ३६०० या स्वरूपातील सूची आजही रंगकक्षाकडे पाठवली जाते. तिच्यात रिळाच्या नावाला आठच अक्षरांची जागा असल्याने लांबलचक नावे तोडली जातात आणि दोन वेगळ्या फायली एकाच नावाच्या ठरू शकतात. प्रीमियर ही संकलन-प्रणाली १९९१ मध्ये आणि फायनल कट प्रो ही १९९९ मध्ये आल्यानंतर संकलनाचे काम घरगुती संगणकावर आले.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद व फ्रेम या रूपात दिलेला क्रमांक. चित्रपटात सेकंदाला २४ आणि भारतीय दूरचित्रवाणीने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत २५ फ्रेम असतात. अमेरिकेत १९५३ च्या रंगीत प्रक्षेपण-मानकामुळे हा वेग ३० वरून सुमारे २९.९७ वर आला. क्रमांक मात्र ३० च्या हिशेबाने दिले जात असल्याने तासाभरात १०८ क्रमांकांची, म्हणजे ३.६ सेकंदांची, तफावत पडते. ती भरून काढण्यासाठी ड्रॉप-फ्रेम पद्धतीत दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळतात. दर दहाव्या मिनिटाला ते गाळत नाहीत. ६० पैकी ५४ मिनिटांत दोन-दोन क्रमांक गळतात आणि १०८ चा हिशेब पुरा होतो. यात क्रमांक गळतात, चित्रे गळत नाहीत. नावावरून होणारा गैरसमज फार जुना आहे. २४ फ्रेमचे चित्रण जसेच्या तसे २५ च्या वेगाने चालवल्यास १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि ध्वनी किंचित चढा लागतो.

पुण्यातील कामांत फ्रेमच्या वेगांतील फरकाचा हा प्रश्न विसर्जन मिरवणुकीच्या चित्रणात ठळकपणे पुढे येतो. लक्ष्मी रस्त्यावर एकाच पथकाचे चित्रण एका कॅमेऱ्यावर २५ फ्रेमने, तर गच्चीवरच्या मोबाइलवर ३० फ्रेमने होते. मोबाइलचा वेग पुष्कळदा स्थिरही नसतो. ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर दोन्ही चित्रणे जुळवली तरी काही मिनिटांनी टिपरू ढोलावर पडण्याची वेळ आणि आवाज यांत अंतर पडते. म्हणून अशा फायली कालपट्टीवर घेण्यापूर्वीच स्थिर वेगात रूपांतरित करून घ्याव्यात. शिवाय आपल्याकडील विद्युतप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर न ठेवल्यास चित्रावर सरकते पट्टे उमटतात आणि ते रंगसुधारणेने सहसा जात नाहीत.

माध्यम-व्यवस्थापनाचे नियम थोडके आहेत. कॅमेऱ्याच्या कार्डाची रचना न मोडता संपूर्ण प्रत घ्यावी, ती तपासून पाहावी, निदान दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि मगच कार्ड पुसावे. संकलन सुरू झाल्यावर फायलींची नावे बदलू नयेत. बदलल्यास पत्ता चुकतो आणि कालपट्टीवर ‘मीडिया ऑफलाइन’ असा फलक दिसतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने केलेले चित्रण तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा घेते, त्यामुळे संकलन हलक्या प्रॉक्सी प्रतींवर करून रंगसुधारणेच्या वेळी मूळ फायली जोडून घेतात. या पुनर्जोडणीला कन्फर्म म्हणतात.

रंगसुधारणेचे मूळ फिल्म-प्रयोगशाळेत आहे. प्रत छापताना लाल, हिरवा व निळा प्रकाश प्रत्येक दृश्यासाठी १ ते ५० या पायऱ्यांत कमीअधिक केला जाई आणि हे ठरवणाऱ्या तंत्रज्ञाला ब्रिटिश परंपरेत ग्रेडर, तर अमेरिकी परंपरेत टायमर म्हणत. आजच्या प्रणालींतील ऑफसेट, म्हणजे चित्राच्या सर्व मूल्यांत सारखीच भर किंवा घट करणारे नियंत्रण, त्याचाच वारसा होय. विविध प्रणालींत निर्णयांची देवाणघेवाण व्हावी म्हणून अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने स्लोप, ऑफसेट व पॉवर अशी तीन मूल्ये आणि त्यांच्या जोडीला रंगगडदपणा निश्चित केला. मूळ मूल्याला स्लोपने गुणून त्यात ऑफसेट मिळवायचा व आलेल्या उत्तराचा पॉवर इतका घात घ्यायचा, असा त्याचा क्रम आहे. क्रम बदलल्यास चित्र बदलते.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध ‘सैरंध्री’मुळे येतो. प्रभात फिल्म कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित हा चित्रपट १९३३ चा, म्हणजे कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली त्याच वर्षाचा. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करण्यात आल्या, पण रंग समाधानकारक उतरले नाहीत. त्यामुळे पहिल्या भारतीय रंगीत चित्रपटाचा मान अनेक अभ्यासक इंपीरियल कंपनीच्या ‘किसान कन्या’ला (१९३७) देतात, कारण त्याची रंगप्रक्रिया भारतातच झाली. येथे तो वाद सोडवण्याची गरज नाही. मात्र रंगसुधारणेच्या दृष्टीने ‘सैरंध्री’च अधिक बोलका आहे. चित्रण येथे आणि रंगाचा शेवटचा निर्णय सातासमुद्रापार, अशी फारकत झाली की काय होते ते त्यातून दिसते. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली.

रंग मोजण्यासाठी वेव्हफॉर्म (उजळपणाचा), परेड (लाल, हिरवा व निळा वेगवेगळे दाखवणारा) व वेक्टरस्कोप (छटा व गडदपणाचा) हे आलेख वापरतात, कारण डोळा काही मिनिटांतच चुकीच्या छटेला सरावतो. एचडी दूरचित्रवाणीच्या रेक. ७०९ या मानकात उजळपणाच्या मापात हिरव्याचा वाटा ७१.५२, लालचा २१.२६ आणि निळ्याचा ७.२२ टक्के धरला आहे. वेक्टरस्कोपवर गोऱ्या व सावळ्या त्वचा जवळपास एकाच रेषेवर येतात, कारण त्यांच्या छटेत फरक थोडा आणि उजळपणात जास्त असतो. त्या रेषेवर चेहरा आणून बसवणे हा नियम उपयुक्त असला तरी हळदीच्या समारंभात तो घातक ठरतो. नवरीच्या गालावरचा पिवळा रंग ही चूक नसून तोच त्या चित्रणाचा विषय आहे. कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंगांचा तोल साधणारी सोय) आणि घाईतला संकलक दोघेही तो ‘दुरुस्त’ करून टाकतात. अशा वेळी चेहऱ्याऐवजी करड्या कार्डावरून किंवा मांडवातील पांढऱ्या कापडावरून तोल साधावा. गुलालाची अडचण वेगळी आहे. त्याचा गर्द गुलाबी रंग लाल वाहिनीची कमाल मर्यादा सहज गाठतो आणि उधळणीतील छटा सपाट होतात. प्रत्येक वाहिनीत ८ बिटला २५६, तर १० बिटला १०२४ पायऱ्या मिळतात. त्यातही ४:२:० नमुनांकनात रंगाची माहिती चार बिंदूंसाठी एकदाच नोंदली जात असल्याने गुलालाच्या कडा ठोकळेबाज दिसतात. जे नोंदलेच गेले नाही ते सुधारता येत नाही, म्हणून मिरवणुकीत उद्भासन (एक्स्पोजर) थोडे कमी ठेवणे हीच खरी रंगसुधारणा.

जुन्या चित्रपटांच्या पुनर्जतनात रंगसुधारणेला वेगळे वळण मिळते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. ईस्टमनकलर पद्धतीच्या जुन्या प्रतींत निळसर हिरवा रंजक आधी विरतो व चित्र लालसर होते. अशा चित्रपटाचे मूळ रंग कोणते धरावेत याविषयी दोन मते आहेत : उपलब्ध उत्तम प्रतीला प्रमाण मानणे, किंवा छायालेखकाचा हेतू हयात व्यक्तींकडून जाणून घेऊन त्यानुसार रंग ठरवणे. स्मृतीही काळाबरोबर रंग बदलते, त्यामुळे पहिली वाट अधिक सुरक्षित वाटते. कोणतीही वाट धरली तरी रंग न सुधारलेले स्कॅन, सुधारणांची सूची आणि तयार चित्र ही तिन्ही स्वतंत्र जपली पाहिजेत, म्हणजे अधिक चांगली प्रत हाती आल्यास नव्या निर्णयासाठी पुन्हा मूळ स्कॅनपासून आरंभ करता येतो.