बॅटरी गाडीची टूर आणि हॉप-ऑन हॉप-ऑफ बस: फिरवून आणणारी कोण, नेऊन सोडणारी कोण?

रोमची सहल आखायला बसलं की मोबाइलवर दोन तिकिटं शेजारी शेजारी दिसतात. एक ‘छोट्या गटाची इलेक्ट्रिक गाडीची टूर’, दुसरं ‘हॉप-ऑन हॉप-ऑफ बस’. दोन्हींच्या फोटोत कोलोसियम, दोन्हींखाली ‘सिटी टूर’. मग नौपाड्यात काय किंवा वाशीत काय, घरोघर तेच होतं: कुणी स्वस्त म्हणून बस घेतं, कुणी आईबाबांचे गुडघे आठवून छोटी गाडी घेतं. तिथे गेल्यावर कळतं की आपण जे समजून पैसे भरले ते त्या तिकिटात नव्हतंच.

याचं कारण आपल्याच सवयीत असावं, असं मला वाटतं. आपल्याकडे बॅटरी गाडी म्हणजे रेल्वे स्टेशनवर ज्येष्ठ नागरिकांना सामानासकट डब्यापाशी नेणारी. किंवा आग्र्याची. ताजमहालाच्या 500 मीटर परिसरात पर्यटकांच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना मज्जाव असल्यामुळे शिल्पग्रामच्या पार्किंगपासून दरवाजापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या सोडतात. माथेरानला 2022च्या अखेरीस ई-रिक्षा सुरू झाल्या, तिथेही दस्तुरी नाक्यावरून उचलायचं आणि बाजारात सोडायचं, एवढंच काम. या तिन्ही गाड्यांत चालक तुमच्याशी बोलला तर तो भाड्याविषयी.

बसचं उलट. बस म्हटली की आपल्याला ‘दर्शन’ आठवतं. मुंबई दर्शन, पुणे दर्शन. सकाळी बसायचं, माइकवाला सांगेल तिकडे माना वळवायच्या, सांगेल तेव्हा उतरायचं आणि ‘वीस मिनिटांत परत या’ म्हटलं की पस्तिसाव्या मिनिटाला यायचं. फोर्टातून संध्याकाळी फिरणारी उघड्या टपाची नीलांबरीही त्याच जातीची, फक्त उतरणं नाही. ती डबल डेकर ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. बेस्टने त्यानंतर विजेवरच्या डबल डेकर त्या कामाला लावल्या, पण बस म्हणजे दर्शन ही आपली समजूत तशीच राहिली.

युरोपातल्या जुन्या शहरांत ही कामं नेमकी अदलाबदल झालेली असतात. छोटी बॅटरी गाडी तिथे फिरवून आणते आणि मोठी बस नेऊन सोडते. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

हॉप-ऑन हॉप-ऑफ बस हे खरं तर वाहतुकीचं साधन. ठरलेला गोल मार्ग आणि त्यावर दहा-पंधरा थांबे. तिकीट 24 किंवा 48 तासांचं असतं. वाटेल तिथे उतरा, पाहिजे तेवढं बघा, मागून येणारी बस पकडा. कानात इअरफोन घालून भाषा निवडायची आणि रेकॉर्ड केलेली माहिती ऐकायची. बस वाहतुकीत अडकली की ती माहितीही अडकते, किंवा चौक येण्याआधीच संपते आणि उरलेला वेळ व्हायोलिन वाजत राहतं. शिवाय बस एकाच दिशेने गोल फिरते, हे तिकीट काढताना कुणी लक्षात घेत नाही. तिसऱ्या थांब्यावरून दुसऱ्यावर परत जायचं असेल तर अख्खा फेरा मारावा लागतो, आणि तो दीड-दोन तासांचा असू शकतो. तेवढ्या वेळात माणूस चालत जाऊन परत येईल.

बॅटरी गाडीची टूर म्हणजे सहा-आठ आसनांची गोल्फ कार्टसारखी गाडी, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि तुमच्यासोबत बसून बोलणारा माणूस. दोन-तीन तासांत संपते. मधेच उतरून ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून’ ही सोय नाही, कारण मागून काही येतच नाही. उशीर झाला तर गाडी गेली. बसला उशीर झाला तर पुढची बस.

मग छोट्या गाडीला एवढी मागणी का? तर ती जिथे शिरते तिथे बस शिरत नाही. रोमच्या जुन्या भागात वाहनांवर मर्यादा घातलेला टापू आहे. त्याच्या तोंडाशी कॅमेरे आहेत आणि परवानगीशिवाय आत गेलेल्या गाडीला दंडाची चिठ्ठी घरपोच येते. परवानगी काढलेल्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या मात्र आतल्या दगडी गल्ल्यांतून पँथिऑन, नवोना चौक, ट्रेव्ही कारंजं असं करत जातात, अव्हेंटिन टेकडीही चढतात. टेकडीवर माल्टाच्या सरदारांच्या संस्थेचा एक बंद दरवाजा आहे. त्याच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला की बरोबर मधोमध व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चचा घुमट दिसतो. त्या भोकासाठी लोक रांग लावतात. डबल डेकर बस तुम्हाला तिथे नेणार नाही.

पोलंडमधल्या क्राकूव्हलाही असंच. तिथल्या जुन्या शहराला 1978 मध्ये, जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत स्थान मिळालं. पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या बॅटरी गाड्यांना तिथे सरसकट ‘मेलेक्स’ म्हणतात. मेलेक्स हे पोलंडमध्येच बनणाऱ्या गाडीचं नाव. नेहमीची फेरी जुना चौक, काझिमिएश हा ज्यू लोकांचा जुना मोहल्ला आणि नदीपलीकडचा घेट्टोचा भाग (महायुद्धात ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) अशी. बऱ्याच मेलेक्समध्ये गाईड नसून रेकॉर्डिंगच असतं, म्हणजे गाडी छोटी असली तरी ऐकणं बसचंच, हे तिकीट घेण्याआधी विचारून घ्यावं. (जाता जाता: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. क्राकूव्हमध्ये कुणी ‘कुठून आलात’ विचारलं तर महाराष्ट्र म्हणा आणि वळिवड्याचं नाव घ्या, गप्पांना विषय मिळेल.)

हे परदेशी नकाशावर समजायला जड जात असेल तर ठाण्यावर मांडून बघा. समजा ठाण्यात या दोन्ही सेवा आहेत. बसचा मार्ग कसा होईल? स्टेशन, तलावपाळी, उपवन, येऊरचा पायथा, मग घोडबंदर रोड धरून थेट किल्ल्यापर्यंत. (घोडबंदरचा किल्ला आता मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतो, तरी ठाणेकर तो आपलाच धरतात.) ठिकाणं एकमेकांपासून लांब, प्रत्येक ठिकाणी तास-दोन तास घालवण्यासारखे. उतरा, उपवनला चहा घ्या, पुढची बस पकडा. इथे बसच हवी.

पण जुनं ठाणं? ते सगळं हाकेच्या अंतरात आहे आणि बस तिथे शोभत नाही. स्टेशनपासून सुरुवात करा. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन इथे आली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. तिथून जांभळी नाक्याच्या गर्दीतून वाट काढत मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचं मंदिर. मग पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. टेंभी नाक्याकडे 1879 मध्ये उभं राहिलेलं बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ). जन्माने ठाणेकर असूनही ते न पाहिलेली कितीतरी माणसं सापडतील. आणि शेवटी कारागृहाची भिंत.

ती भिंत म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी 1730च्या सुमारास बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचं कारागृह केलं. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना 19 एप्रिल 1910 रोजी इथेच फाशी दिलं. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होता. पहाऱ्यावर गोरे शिपाई. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा, आणि त्या गाण्यांतून पळून जायचा बेत आत पोचायचा, अशी गोष्ट सांगतात. पहारेकऱ्यांना मराठी कुठलं समजायला! 1816 मध्ये डेंगळे निसटला, एवढं मात्र इतिहासात पक्कं आहे.

बसच्या इअरफोनमध्ये तुम्हाला ‘1730, 1737, 1774’ ऐकू येईल आणि बस सिग्नल सुटला म्हणून पुढे जाईल. छोट्या गाडीतला माणूस भिंतीपाशी गाडी थांबवून मोतद्दाराची गोष्ट सांगेल, तुम्ही विचारलंत तर डेंगळे पुढे कुठे गेला तेही सांगेल. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे त्याला ओरडावं लागत नाही. मला विचाराल तर बॅटरीचा प्रवाशाला मिळणारा सगळ्यात मोठा फायदा हाच.

या फेरीत आणखी एक गोष्ट दिसते. कारागृहात तुम्हाला आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. बॅटरी गाडीची टूर अशाच वास्तूंसाठी उत्तम. आत शिरून दोन तास घालवायच्या जागा तिच्या वेळेत बसतच नाहीत. आमच्या सोसायटीत तिकिटं काढून मोकळ्या झालेल्या काकूंचा प्रश्न होता, “अगं, पण यात कोलोसियम आतून आहे ना?” नाही काकू. फोटोत आहे, तिकिटात नाही. कोलोसियमचं तिकीट वेगळं काढायचं, ते ठरलेल्या वेळेचं असतं, त्यावर नाव असतं आणि दाराशी ओळखपत्र बघू शकतात. पँथिऑनलाही जुलै 2023 पासून पर्यटकांना तिकीट आहे. व्हॅटिकनची संग्रहालयं म्हणजे तर स्वतंत्र दिवसाचं काम, आणि महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. बसच्या तिकिटातही यातलं काही नसतं, पण बस तुम्हाला दारात सोडून वाट मोकळी करते. छोटी गाडी मात्र बाहेर थांबलेली असते आणि तुमच्यासोबतच्या चार अनोळखी माणसांना पुढे जायचं असतं.

अनोळखी म्हणायचं कारण ‘छोटा गट’ म्हणजे ‘आपला गट’ नव्हे. छोट्या गटाच्या तिकिटात आसनाचे पैसे मोजायचे, उरलेल्या आसनांवर कुणीही येईल. ‘प्रायव्हेट’ म्हणजे अख्खी गाडी तुमची, भाडं गाडीचं. आजी-आजोबा, मुलं धरून पाच-सहा जण असाल तर अख्खी गाडी कधीकधी माणशी स्वस्त पडते, म्हणून दोन्ही दर मांडून बघावेत. आणि चालवणारा हाच गाईड का, हे विचारावं. इटलीत गाईडला परवाना लागतो; गोड बोलणारा प्रत्येक चालक परवानाधारक गाईड असतोच असं नाही.

‘इलेक्ट्रिक’ या शब्दावरून मात्र काही ठरवू नये. बसही आता विजेवर चालतात. फरक आकाराचा आणि पद्धतीचा आहे.

आपल्याकडे अशी टूर का दिसत नाही, याचं उत्तर थोडं कायद्यात आहे. नोंदणी नसलेली गोल्फ कार्ट सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. ती आवारातच शोभते. कायद्यातली ई-रिक्षा तीन चाकांची, कमाल वेग ताशी 25 किलोमीटर, चालक सोडून चार प्रवासी. जुन्या ठाण्याच्या फेरीला तेवढी पुरेल, असं मला तरी वाटतं. फक्त नवरात्रात टेंभी नाक्याला जायचं धाडस करू नये, तिथे तेव्हा देवीच्या दर्शनाची एवढी गर्दी असते की बस काय आणि रिक्षा काय.

गुडघ्यांचं गणितही लोक चुकीचं मांडतात. छोटी गाडी जमिनीलगत असते, चढायला सोपी, हे खरं. पण व्हीलचेअर आत जाईलच असं नाही; माणसाला उचलून आसनावर बसवावं लागतं. बऱ्याच हॉप-ऑन बसना रॅम्प असतो आणि खालचा मजला बसायला ठीक असतो, वरच्या टपाचा जिना टाळायचा एवढंच. दगडी फरशीवर छोटी गाडी चांगलीच हादरते, कंबरदुखी असलेल्यांनी हे धरून चालावं. पाऊस आला तर बाजूला प्लॅस्टिकचे पडदे सोडतात. भिजत नाही, पण दिसतही फारसं नाही.

आणि बुकिंग करतानाच विचारायचं एक: आपलं आसन कुठल्या दिशेला तोंड करून आहे? सहा-आठ आसनी गाड्यांत मागची बाक बहुधा उलटी असते. तिथे बसणाऱ्याला गाईड ‘हे बघा उजवीकडे’ म्हणतो तेव्हा ते त्याच्या डावीकडे असतं आणि वास्तू मागे पडायला लागल्यावर दिसते. गाडी लागणाऱ्याला तिथे मुळीच बसवू नये. निघायच्या पंधरा मिनिटं आधी पोचलं की पुढची आसनं मिळतात.