सिगारेटमध्ये काय घातलंय, हे तपासायचं कसं?

सिगारेट कंपन्यांनी तंबाखूत काय काय मिसळलं त्याची यादी दरवर्षी आरोग्य खात्याला द्यावी, असा कायदा अमेरिकेने १९८४ साली केला. मात्र ही यादी वापरात नसेल तेव्हा कुलपाच्या कपाटात ठेवावी, असंही त्याच कायद्यात लिहिलं होतं. तिच्यावर ना कंपनीचं नाव लागे, ना ब्रँडचं. कुठल्या सिगारेटमध्ये काय आहे, हे खात्यालाही त्यावरून कळायचं नाही. १९९४ मध्ये दबाव वाढल्यावर सहा मोठ्या कंपन्यांनी ५९९ पदार्थांची एकत्रित यादी जाहीर केली. त्यात कोको होता, ज्येष्ठमध होतं, मेथीचा अर्कही होता. हे सगळे खाण्यात चालणारे पदार्थ आहेत, असं कंपन्यांचं म्हणणं होतं.

पण मेथी पोटात जाणं वेगळं आणि तिचा अर्क जाळून धूर फुप्फुसात ओढणं वेगळं. झुरका घेताना सिगारेटचं जळतं टोक ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं. तिथे साखर साखर राहत नाही. तिच्यापासून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन अशी घातक रसायनं तयार होतात. म्हणून घटकांची यादी कितीही प्रामाणिक असली तरी ती अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी धुरात असते, आणि तंबाखूच्या धुरात सुमारे ७००० रसायनं सापडली आहेत.

मग कंपन्यांनी धुरावरचे अभ्यासही सादर करावेत, एवढं पुरेल का? फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ३३३ पदार्थ मिसळून सिगारेटी तपासल्या आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापला, की या पदार्थांमुळे धुराचा विषारीपणा फारसा वाढत नाही. पुढे खटल्यांमुळे कंपनीची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली. ती चाळून कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तोच डेटा पुन्हा तपासला. मेख भागाकारात होती. समजा, एका सिगारेटच्या धुरात १०० भाग कण आणि १० भाग विष आहे. पदार्थ मिसळल्यावर कण १२० झाले आणि विष १२. ओढणाऱ्याच्या छातीत दोन भाग विष जास्त गेलं. पण विषाला कणांनी भागलं, तर आधीही दहा टक्के आणि नंतरही दहाच टक्के! वाढ कागदावरून गायब. दर सिगारेटमागे हिशेब केल्यावर अनेक विषारी रसायनं वाढलेली दिसली. आकडे खोटे नव्हते, त्यांना कशाने भागायचं हे मात्र आधीचे निकाल पाहून मागाहून बदललं होतं. नुसती लबाडी शोधणाऱ्या तपासनिसाच्या हाती हे लागणार नाही, त्याला गणिताची पद्धतच उलगडून पाहावी लागते.

धूर मोजणाऱ्या यंत्राचीही गंमत अशीच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्र दर मिनिटाला ३५ मिलिलिटरचा एक झुरका घेतं आणि फिल्टरवरची बारीक भोकं उघडी ठेवतं. त्या भोकांतून हवा शिरते, धूर पातळ होतो. माणूस मात्र ती भोकं बोटांनी आणि ओठांनी बऱ्याच अंशी झाकतो आणि झुरकेही मोठे घेतो. नेदरलँड्सच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१८ मध्ये भोकं बंद करून १०० ब्रँड मोजले. टारचं, म्हणजे धुरातल्या चिकट कणांचं, प्रमाण प्रमाणित पद्धतीच्या किमान दुप्पट आणि एका ब्रँडमध्ये तर २६ पट निघालं. कंपन्यांनी नियम मोडला नव्हता, मोजमापाचा नियमच असा होता. तरीही युरोपीय कायद्यात जुनी पद्धत अजून आहे.

युरोपीय संघाने २०१६ पासून कंपन्यांनी माहिती भरावी म्हणून सगळ्या देशांसाठी एकच इलेक्ट्रॉनिक दार केलं. प्रत्येक ब्रँडचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, तो पदार्थ कशासाठी घातला या कारणासह, तिथे भरावे लागतात. मेंथॉल, कोको, मेथी, गवार गम यांच्यासह १५ पदार्थांवर कंपन्यांकडून सखोल अभ्यासही मागितला. स्वतंत्र तज्ज्ञांनी ते अहवाल वाचले तेव्हा निष्कर्षांना पुरेसा आधार नाही, असं त्यांना आढळलं. इथे एक गोष्ट युरोपने नीट केली: धुरातल्या टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइडची पडताळणी करणारी प्रयोगशाळा तंबाखू उद्योगाच्या मालकीची किंवा ताब्यातली असता कामा नये.

पण चांगल्या प्रयोगशाळेलाही मर्यादा आहे. यादीत नसलेलं मेंथॉल तिला सहज पकडता येतं. साखरेचं तसं नाही, ती तंबाखूच्या पानातही असते. सापडलेल्यातली पानातली किती आणि वरून घातलेली किती, हे नुसत्या नमुन्यावरून ठरवणं अवघड. त्यासाठी कारखान्यात जाऊन कच्च्या मालाच्या खरेदीच्या नोंदी आणि मिश्रणाची कृती पाहावी लागते. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्याने ब्रँडनिहाय प्रमाण देणं सक्तीचं केलं आणि उत्पादकांची किमान दोन वर्षांतून एकदा तपासणीही ठेवली. माझ्या मते या दोन्हींतली जास्त कामाची तरतूद दुसरी. अर्ज कंपनी आपल्या सोयीने भरते, पण वर्षभरात किती पोती साखर गोदामात आली याचा हिशेब पुरवठादाराच्या वहीतही असतो.