लँडलाईनवरचा हम

लँडलाईनचा रिसीव्हर कानाला लावला की बोलण्यामागे सतत जो घूंऽऽ असा आवाज ऐकू येतो तो हम. खरखर वेगळी, ती बहुतेक सैल जॉइंटची असते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, पण टेलिफोन साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढंच नीट नेतो, म्हणून खुद्द 50 चा सूर फारसा कळत नाही, कानात घुसतात त्या त्याच्या वरच्या पटी.

आता लाईटची वायर जवळून गेली म्हणजे हम येणारच असं काही नाही. फोन ऐकतो तो दोन तारांमधला फरक, दोन्हींवर वीज सारखीच उतरली तर त्याला पत्ताही लागत नाही, आणि ती सारखी उतरावी म्हणूनच जोडीला पीळ देतात (ग्राहम बेलने 1881 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं). बोंब होते ती एका तारेला ओल लागून ती अर्थला, म्हणजे जमिनीत, गळायला लागली की, मग दोन तारा सारख्या राहत नाहीत. पावसाळ्यात भिंतीवरच्या डबीत पाणी शिरतं, स्क्रूवर हिरवा थर चढतो, आणि त्यावर कुणीतरी नुसती चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली असते! अशा वेळी फिल्टर विकत आणून उपयोग शून्य.

आधी घरातलं सगळं काढायचं, एक्स्टेन्शन, कॉर्डलेस, मोडेम, फॅक्स, आणि बाहेरची लाईन जिथे येते त्या रोझेटवर (भिंतीवरची फोनची डबी) एकच साधा वायरवाला फोन लावून ऐकायचं. तिथेही हम असेल तर दोष बाहेरचा, लाईनमनला बोलवा. नसेल तर एकेक वस्तू परत जोडत जा, कॉर्डलेसचा अ‍ॅडॅप्टर बऱ्याचदा इथेच सापडतो. लाईनवर एरवी 48 व्होल्ट डीसी असतं, पण रिंग वाजताना 75 च्या आसपास एसी येतं, तेव्हा उघड्या तारेला हात लावू नका, चांगला झटका बसतो.

घरातली चपटी वायर लांबवर ओढली असेल तर ती काढून पिळाची टाका, लाईटच्या वायरीपासून फूटभर लांब, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. केबलमध्ये बऱ्याच जोड्या असतील तर दोन्ही तारा एकाच जोडीतल्या घ्या, एक इकडची एक तिकडची घेतली की पिळाचा फायदा गेलाच. गंजलेलं टोक कापून ताजं तांबं काढा, बाहेरच्या जॉइंटला जेल भरलेला कनेक्टर वापरा. फायबरवर मात्र तांब्याची तार घरातल्या डब्यापासून फोनपर्यंतच असते, त्यामुळे तिथे हम आला तर शोध घरातच घ्यायचा.