औषध-चाचणीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी : आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचार घेणारे अनेक ग्राहक तपासणीसाठी आमच्याकडे येताना हातात एक छापील कागद घेऊन येतात आणि ‘यावर सही करू की नको?’ असे विचारतात. कागद बहुधा तीन-चार पानांचा, बारीक अक्षरांचा असतो आणि सहीची जागा कोणीतरी आधीच पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली असते. सही करावी की करू नये हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र हा कागद नेमका कशासाठी असतो, त्यामागे कोणते नियम आहेत आणि सही करण्यापूर्वी काय विचारावे, एवढे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, महाविद्यालयात होणारे प्रत्येक संशोधन ही औषध-चाचणी नसते. एम. डी. किंवा एम. एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी तो रुग्णांची माहिती जमा करतो. अशा अभ्यासात बहुतेक वेळा आपले उपचार जसेच्या तसे चालू राहतात; फक्त आपल्या आजाराची नोंद होते, काही प्रश्न विचारले जातात आणि कधी कधी नेहमीच्या तपासणीसाठी रक्त घेताना एक जादा नळी भरली जाते. औषध-चाचणीत, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ‘ट्रायल’ म्हणतो त्यात, आपल्याला कोणते औषध द्यायचे हेच संशोधनाच्या आराखड्यानुसार ठरते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, की या अभ्यासामुळे माझ्या उपचारांत काही बदल होणार आहे का?

औषध चिठ्ठी टाकून का ठरवतात?

चाचणीत रुग्णांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळे औषध देतात. आपण कोणत्या गटात जाऊ हे डॉक्टर नव्हे, तर संगणकाने काढलेली यादी ठरवते, हे ऐकून अनेकांना राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु त्यामागचे कारण खान्देशातील कोणत्याही कपाशी उत्पादकाला चटकन पटेल. नवे वाण विहिरीजवळच्या काळ्या रानात आणि जुने वाण मुरमाड रानात लावले, तर जास्त कापूस आला तो वाणामुळे की जमिनीमुळे, हे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून कोणते वाण कोठे लावायचे हे चिठ्ठीने ठरवतात. ही पद्धत शेतीसंशोधनातच रुजली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. वैद्यकात ती क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने ठळकपणे पुढे आली आणि त्या चाचणीचे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या देशातील एका चाचणीचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो, कारण तिने जगभरच्या डॉक्टरांचा एक पक्का समज बदलला. क्षयरोग्याला भरपूर विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार मिळावा म्हणून सॅनेटोरियममध्येच, म्हणजे क्षयरोग्यांसाठीच्या खास रुग्णालयातच, ठेवले पाहिजे आणि घरी ठेवल्यास तो घरच्यांनाही आजारी पाडेल, असे 1950 च्या दशकापर्यंत सर्वत्र मानले जात होते. मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या चाचणीत क्षयाच्या गरीब रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट पाडण्यात आले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्याला दाटीवाटीच्या वस्तीतील त्यांच्या स्वतःच्या घरी, तीच औषधे एक वर्ष देण्यात आली. घरी राहिलेल्यांचे अन्न कमी प्रतीचे होते आणि त्यांना विश्रांतीही कमी मिळत होती. तरीही दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना क्षयाची लागण जास्त झाल्याचेही आढळले नाही. निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाले. आज क्षयाच्या गोळ्या घरी घेऊन रुग्ण आपला कामधंदा सांभाळू शकतो, त्यामागे या चाचणीत भाग घेतलेल्या रुग्णांचा मोठा वाटा आहे.

सातपुड्याच्या पट्ट्यातील अनेक कुटुंबांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार परिचित आहे आणि या आजारात दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषधही असेच पारखून आलेले आहे. अमेरिका आणि कॅनडातील 299 प्रौढ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 1995 मध्ये जाहीर झाले. काहींना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल दिली गेली आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना किंवा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितले गेले नाही. औषध मिळालेल्या गटात असह्य वेदनांचे झटके वर्षाला सुमारे अडीच आणि दुसऱ्या गटात सुमारे साडेचार, एवढा फरक दिसला, तेव्हा चाचणी ठरलेल्या मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. ज्या आजारावर खात्रीचे औषध उपलब्ध आहे, त्या आजाराच्या रुग्णाला केवळ औषध नसलेल्या गोळीवर ठेवणे सर्वसाधारणपणे नैतिक मानले जात नाही. तशी योजना असेल तर तिचे कारण अवश्य विचारावे.

नवे औषध प्रथम थोड्या, बहुधा निरोगी लोकांना, नंतर काही रुग्णांना आणि त्यानंतर शेकडो-हजारो रुग्णांना देऊन पाहतात. आपली चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे हे कागदावर लिहिलेले असते. टप्पा जितका सुरुवातीचा, तितकी औषधाच्या दुष्परिणामांविषयीची माहिती कमी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरेसे आहे.

संमती कोणाची आणि कोणत्या भाषेत

भारतात या चाचण्यांना 2019 साली लागू झालेले ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू होतात. प्रत्येक चाचणीला नीतिमत्ता समितीची, म्हणजे सहभागी रुग्णांचे हित जपण्यासाठी संशोधन तपासणाऱ्या समितीची, आगाऊ मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत कायद्याचा जाणकार, सर्वसामान्य नागरिक आणि महिला सदस्य असावी लागते, निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच असावा लागतो. समितीचा दूरध्वनी क्रमांक आपल्याला मिळणाऱ्या कागदावर असतो. तो नसेल, तर आमच्या मते तेवढ्याच कारणासाठी सही थांबवण्यास हरकत नाही.

संमतिपत्र प्रमाण मराठीत छापलेले असते, परंतु धडगाव किंवा अक्कलकुव्याकडील पावरी, भिली बोलणाऱ्या आजीला ते वाचून दाखवले म्हणजे समजलेच, असे नाही. सहभागी होणाऱ्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत सर्व माहिती मिळणे हा तिचा हक्क आहे. वाचता येत नसेल, तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा लागतो. अगदी नव्या रेणूच्या औषधाची चाचणी दुर्बल गटातील व्यक्तीवर होणार असेल, तर समजावून सांगण्याचे आणि संमती घेण्याचे ध्वनिचित्रमुद्रण करणेही बंधनकारक आहे. कागदाची एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. ती घरी न्यावी, घरातील शिकलेल्या मुलाला-सुनेला दाखवावी आणि मगच ठरवावे.

हे नियम सहज आलेले नाहीत. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर मुंबईच्या भायखळा तुरुंगातील कैद्यांना दिली. लस उपयोगी ठरली, पण कैदी खऱ्या अर्थाने ‘नाही’ म्हणू शकतो का, हा प्रश्न आज कोणतीही समिती आधी विचारेल. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम जिल्ह्यात 2009 मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याच्या प्रकल्पात अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्याचे उघड झाले. तो प्रकल्प 2010 मध्ये थांबवण्यात आला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक टीका केली. ज्यांची मुले आश्रमशाळेत राहून शिकतात अशा पालकांनी हे विसरू नये.

खर्च, भरपाई आणि माघार

केवळ संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्यांचा खर्च रुग्णाने करावयाचा नसतो. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर कधी कधी नेहमीच्या हिमोग्लोबिन-साखरेसोबत एखादी महागडी, उपचाराशी संबंध न जुळणारी तपासणी लिहिलेली असते. अशा वेळी ती प्रबंधासाठी आहे का, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारून यावे, असे आम्ही स्वतःच सुचवतो. त्यात आमचे बिल कमी होते, पण ते योग्यच आहे.

चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि आर्थिक भरपाई देण्याची तरतूद नियमांत आहे. मृत्यू झाल्यास भरपाईची रक्कम आठ लाख रुपये हा आधार धरून, वय आणि आजाराची तीव्रता यांनुसार काढली जाते. चाचणीतून कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्या रुग्णालयातील आपल्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. फक्त गोळ्या अचानक बंद करू नयेत. आधी तेथील डॉक्टरांना कळवावे.

अहमदाबादकडील संस्थांमध्ये निरोगी तरुणांना मोबदला देऊन औषधे दिली जातात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण मोजले जाते. हे अभ्यास कायदेशीर आहेत. परंतु एका अभ्यासातून आल्यावर ठरलेला काळ जाऊ न देता नाव लपवून दुसऱ्यात बसणे शरीराला धोक्याचे आहे, आणि तसे करण्याचा सल्ला देणाऱ्या एजंटापासून दूर राहावे.

आमच्या लॅबकडे येताना

आपण चाचणीत सहभागी असाल, तर आपल्याला सहभागाचे कार्ड दिलेले असते; रक्त देण्यापूर्वी ते काउंटरवर दाखवावे. मधुमेहाच्या चाचणीतील रुग्णाने उत्सुकतेपोटी बाहेर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घेतली, तर आपल्याला खरे औषध मिळते आहे की नाही याचा अंदाज येतो आणि चाचणीतील गुप्तता मोडते. म्हणून अशी तपासणी आम्ही संशोधक डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करणार नाही. चक्कर, पुरळ, धाप यांसारखा त्रास होत असेल, तर मात्र थांबू नये आणि कार्डावरील क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण अशी गंभीर घटना संशोधकाने 24 तासांच्या आत नीतिमत्ता समितीला कळवणे बंधनकारक असते.

चाचणीची नोंदणी झाली आहे का, हे भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ही नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली. कागदावर ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असल्यास तो आमच्या काउंटरवर सांगावा. गर्दीची सकाळची वेळ सोडून, दुपारनंतर, आम्ही तो आपल्यासमोर संगणकावर उघडून मराठीत समजावून सांगू. त्यासाठी वेगळे पैसे घेतले जात नाहीत.