उन्हाळी उल्कावर्षाव नेमका कोणाचा?

दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर तीच बातमी फिरते: उन्हाळ्यातला सर्वांत मोठा उल्कावर्षाव, 12-13 ऑगस्टची रात्र चुकवू नका. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात असतं आणि माणसं आभाळ बघतात ती ढग शोधायला. बातमीतला उन्हाळा युरोप-अमेरिकेचा आहे.

हा वर्षाव ययाती (पर्सियस) तारकासमूहाचा, म्हणजे त्याच्या दिशेने येताना दिसणारा. युरोपात 10 ऑगस्ट हा सेंट लॉरेन्सचा दिवस, म्हणून तिकडे या उल्कांना त्याचे अश्रू म्हणत. ऑगस्टच्या याच दिवसांत दरवर्षी उल्का वाढतात, याकडे ब्रुसेल्सच्या केतलेने 1836 मध्ये शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. पुढे 1862 मध्ये स्विफ्ट-टटल धूमकेतू सापडला. त्याची कक्षा आणि उल्कांची कक्षा एकच आहे, हे इटलीच्या स्कियापारेलीने 1866 च्या सुमारास दाखवलं. उल्का म्हणजे धूमकेतूने वाटेत सांडलेला कचरा, हे तेव्हा पक्कं झालं.

आपल्याकडे हा वर्षाव नीट दिसतो तो पाऊस दडी मारतो तेव्हा. 2015 चा ऑगस्ट तसा होता. 14 तारखेला अमावास्या, म्हणजे आदल्या रात्री चंद्राचा अडथळा नाही. उल्का बघणाऱ्याने आणखी काय मागावं? पण त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेतून कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली जात होती. अशा वर्षी ‘आकाश काय मोकळं आहे!’ असं गावात मोठ्याने म्हणायची सोय नसते.

आपल्या खऱ्या उन्हाळ्यात दोन वर्षाव येतात, आणि त्यांचा इतिहास ययातीपेक्षा कमी रंजक नाही. पहिला 22 एप्रिलच्या आसपासचा, अभिजित ताऱ्याजवळून येणारा, स्वरमंडळाचा. चिनी बखरीत इ. स. पूर्व 687 मध्ये तारे पावसासारखे पडल्याची नोंद आहे, ती याचीच मानतात. त्याचा धूमकेतू थॅचर, 1861 मध्ये सापडलेला, सुमारे 415 वर्षांनी फेरी मारणारा. एरवी हा वर्षाव बेताचा, आदर्श स्थितीत तासाला 18 उल्का.

दुसरा 5-6 मेचा, कुंभ राशीतला, आणि माझ्या मते मराठवाड्याने आपला म्हणावा असा हाच. तो हॅलेच्या धूमकेतूचा. 1870 मध्ये टपमन या ब्रिटिश निरीक्षकाने त्याची नोंद केली आणि 1876 मध्ये अलेक्झांडर हर्शेलने हॅलेशी त्याचं नातं जोडलं. 1986 मध्ये हॅले येऊन गेला, पुन्हा येणार 2061 मध्ये. पण त्याची धूळ दर मे महिन्यात सेकंदाला 66 किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरते. युरोपात कुंभ वर येईपर्यंत उजाडतं. 18 ते 20 अक्षांशांवरच्या मराठवाड्यात तो रात्री दोनच्या सुमारास उगवतो आणि साडेतीन ते साडेचार हा वेळ चांगला मिळतो. अट एकच, अवकाळीचे ढग नकोत.

आपल्या आजी-आजोबांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, पण उल्का त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिल्या. धाब्याची घरं, वर मातीचं माळवद, उन्हाळाभर अंथरुणं तिथेच. तारा तुटला की कुणीतरी गेलं, असं म्हणायचे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार आहेत, आणि उल्का म्हणजे स्वर्गातलं पुण्यफळ भोगून खाली पडणाऱ्यांची रूपं, असंही म्हटलं आहे. माळवदावरची समजूत यापासून फार लांब नाही. आता स्लॅबचं घर, खोलीत कूलर आणि चौकात हायमास्टचा दिवा.

जुनी सवय मोडली की ओळखही जाते. 2 एप्रिल 2022 ला, पाडव्याच्या संध्याकाळी, जळते गोळे रांगेने आकाशातून गेले आणि राज्यभर उल्का पडल्याचा गलका झाला. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. चंद्रपूर जिल्ह्यात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. उल्का डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात संपते, ते गोळे मात्र सावकाश चालले होते.

अंधार अजून शिल्लक आहे: बीडकडची बालाघाटची पठारं, माहूर-किनवटचं जंगल, गौताळ्याचा डोंगर. अभयारण्यात रात्री शिरता येत नाही, तेव्हा बाहेरचं एखादं ओळखीचं शेत बरं. संभाजीनगरकर बहुधा म्हैसमाळला जातात. थंड हवेसाठी ठीक, पण तिथून शहराचा उजेड आग्नेयेला येतो आणि कुंभही पहाटे पूर्वेकडून त्याच अंगाला सरकत चढतो. त्यापेक्षा मोठं गाव पाठीशी, पश्चिमेला राहील असं रान बघावं, बाज टाकावी आणि मोबाइल उशाखाली ठेवावा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो.